तेहरानचं आझादी स्टेडियम: नाव स्वातंत्र्याचं, प्रश्न प्रवेशाचा

आशियातल्या सर्वात मोठ्या फुटबॉल मैदानांची यादी काढली, तर इराणची राजधानी तेहरानमधल्या आझादी स्टेडियमचं नाव त्यात हमखास येतं. इराणच्या राष्ट्रीय संघाचं हे घरचं मैदान. पर्सेपोलिस आणि इस्तेगलाल हे तेहरानचे दोन मोठे क्लबही वर्षानुवर्षं इथेच खेळत आले. शहाची राजवट, इस्लामी क्रांती, इराक-इराण युद्ध, विश्वचषकाचा जल्लोष, मोहर्रमचा मातम आणि महिलांच्या प्रवेशासाठी चाललेला लांबलचक लढा, या सगळ्याचं हे स्टेडियम साक्षीदार आहे. भारताशी, गोव्याशी आणि नवी मुंबईशीही इराणी फुटबॉलचे धागे जुळलेले आहेत. या स्टेडियमचा इतिहास आणि वापर याची ही माहिती.

कुठे आहे, कसं आहे?

तेहरानच्या पश्चिमेला, करज शहराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आझादी क्रीडा संकुल आहे. फुटबॉलचं मुख्य स्टेडियम हा त्या संकुलाचा एक भाग. त्याच आवारात सुमारे १२ हजार प्रेक्षकांचं बंदिस्त क्रीडागृह, जलतरण तलाव, सायकल शर्यतींचा ट्रॅक आणि एक मोठं कृत्रिम तळंही आहे. तेहरानहून करजकडे जाणाऱ्या मेट्रोच्या ५ क्रमांकाच्या मार्गावर स्टेडियमच्या नावाचं स्टेशन आहे.

मुख्य स्टेडियमचा आकार खोलगट वाटीसारखा आहे. मधे हिरवळ, तिच्याभोवती धावण्याचा ट्रॅक आणि त्याभोवती दोन मजली गॅलरी. मैदान खोलात आणि प्रेक्षक चहूबाजूंनी वर, त्यामुळे घोषणांचा आवाज आत घुमत राहतो. पाहुण्या संघांना इथे खेळायचं म्हणजे धडकी भरते. तेहरान समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर असल्याने बाहेरून आलेल्या खेळाडूंना धापही लवकर लागते. दक्षिण कोरियासारखा आशियातला बलाढ्य संघ अनेकदा इथे आला, पण २०२१ पर्यंतच्या एकाही सामन्यात त्याला आझादीवर इराणला हरवता आलं नाही.

सुरुवातीला इथे १ लाख प्रेक्षक बसत. पुढे गॅलरीत सलग बाकांऐवजी वेगवेगळ्या खुर्च्या बसवल्या गेल्या आणि क्षमता कमी झाली. आता ती साधारण ७८ हजार मानली जाते.

एक गल्लत मात्र बरेच जण करतात. फोटोंमध्ये दिसणारा तेहरानचा पांढरा, कमानीसारखा आझादी मनोरा आणि आझादी स्टेडियम या दोन वेगळ्या जागा आहेत. दोन्हींचं उद्घाटन १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये झालं आणि क्रांतीनंतर दोन्हींना आझादी हे नाव मिळालं, म्हणून हा घोटाळा होतो.

शहाच्या काळातली बांधणी

मोहम्मद रझा शाह पहलवी यांच्या कारकिर्दीत हे स्टेडियम उभं राहिलं. १९७४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांचं यजमानपद तेहरानला मिळालं होतं. पश्चिम आशियात ही स्पर्धा पहिल्यांदाच होणार होती. शहरात अमजदिया नावाचं जुनं स्टेडियम होतं, पण एवढ्या मोठ्या सोहळ्यासाठी ते अपुरं होतं. प्रसिद्ध इराणी वास्तुविशारद अब्दुल अझीझ फरमानफरमाइयान यांनी नव्या स्टेडियमचा आराखडा केला.

उद्घाटन झालं ऑक्टोबर १९७१ मध्ये. त्याच महिन्यात शाह इराणी साम्राज्याच्या २,५०० वर्षांचा डामडौलाचा सोहळा साजरा करत होते. स्टेडियमला नाव दिलं गेलं 'आर्यमेहर'. हा खुद्द शाहांचाच किताब होता, अर्थ 'आर्यांचा सूर्य'. म्हणजे हे मैदान जन्मापासूनच नुसतं खेळाचं नव्हतं. राजवटीची शान जगाला दाखवण्याची ती जागा होती.

१९७४ चं एशियाड आणि भारत

१ सप्टेंबर १९७४ रोजी सातव्या आशियाई क्रीडा स्पर्धांना इथे सुरुवात झाली. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात इराणने इस्रायलला १-० असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. इस्रायलचं हे शेवटचं एशियाड ठरलं. अरब देशांचा त्याच्याविरुद्ध खेळायला विरोध होता आणि आशियाई फुटबॉलमधूनही इस्रायलला बाहेर काढण्यात आलं.

भारतासाठीही ही स्पर्धा आठवणीत राहण्यासारखी होती. भारताने तेहरानमध्ये ४ सुवर्णपदकं मिळवली आणि चारही ॲथलेटिक्समधली होती. टी. सी. योहानन यांनी लांब उडीत ८.०७ मीटर अंतर पार करून आशियाई विक्रम केला. श्रीराम सिंग यांनी ८०० मीटर, शिवनाथ सिंग यांनी ५,००० मीटर आणि विजयसिंग चौहान यांनी डेकॅथलॉनमध्ये सुवर्ण जिंकलं. फुटबॉलमध्ये मात्र भारताचा संघ गटातच गारद झाला.

दोन वर्षांनी, जून १९७६ मध्ये, आशिया चषकाचा अंतिम सामनाही याच मैदानावर झाला. अली परवीन यांच्या गोलवर इराणने कुवेतला १-० असं नमवलं आणि लागोपाठ तिसऱ्यांदा चषक जिंकला.

क्रांती झाली, नावं बदलली

१९७९ च्या इन्किलाबात शाह देशाबाहेर गेले आणि त्यांच्या नावाच्या खुणा पुसल्या जाऊ लागल्या. आर्यमेहर स्टेडियमचं आझादी स्टेडियम झालं. शहरातल्या क्लबचीही नावं बदलली. 'ताज' म्हणजे राजमुकुट, हे नाव आता कसं चालणार? त्या क्लबचं नाव ठेवलं गेलं इस्तेगलाल. उर्दू जाणणाऱ्यांना 'इस्तिकलाल' हा शब्द ओळखीचा आहे, म्हणजे स्वातंत्र्य. पर्सेपोलिसचं अधिकृत नाव 'पिरूझी', म्हणजे विजय, असं झालं. पण लोकांच्या तोंडी पर्सेपोलिस हेच नाव राहिलं आणि शेवटी तेच टिकलं.

याच काळात अनेक इराणी तरुण शिक्षणासाठी भारतात आले. मजीद बिश्कर आणि जमशेद नासिरी हे दोघे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायला आले आणि १९८० मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळू लागले. पुढे ते मोहम्मडन स्पोर्टिंगचेही लाडके झाले. जुन्या कोलकातावासीयांसमोर मजीदचं नाव काढा, आजही गप्पा रंगतात. जमशेद तर भारतातच स्थायिक झाले. त्यांचा मुलगा कियान याने जानेवारी २०२२ मध्ये मोहन बागानकडून ईस्ट बंगालविरुद्ध हॅटट्रिक केली.

लाल आणि निळा

पर्सेपोलिसचा रंग लाल, इस्तेगलालचा निळा. दोघांच्या लढतीला फारसीत 'सुर्खाबी' म्हणतात. सुर्ख म्हणजे लाल आणि आबी म्हणजे निळा, हे उर्दूवाल्यांना वेगळं सांगायला नको. पहिली लढत १९६८ मध्ये जुन्या अमजदियावर झाली. आझादीवर आल्यावर तिला अफाट रूप आलं. सामन्याच्या दिवशी अर्धं स्टेडियम लाल आणि अर्धं निळं होतं. पहाटेपासून रांगा लागतात आणि घराघरांत भाऊ भावाच्या विरोधात बसतो. आशियातल्या सर्वात चुरशीच्या स्थानिक लढतींमध्ये तिची गणना होते.

गाजलेले सामने

आझादीच्या इतिहासात १९९७ च्या नोव्हेंबरला मानाचं पान आहे. १९९८ च्या विश्वचषकाची शेवटची जागा इराण किंवा ऑस्ट्रेलिया यांच्यापैकी एकाला मिळणार होती. २२ नोव्हेंबरला आझादीवर पहिला सामना झाला. प्रेक्षकांची संख्या १ लाख २८ हजार नोंदली गेली. हॅरी क्यूएलने ऑस्ट्रेलियाला पुढे नेलं, खोदादाद अझीझीने बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला. आठवड्याने मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलिया २-० ने पुढे होता. इराणने शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन गोल केले आणि परक्या मैदानावरच्या जास्त गोलांच्या नियमाने विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. तब्बल वीस वर्षांनी इराण विश्वचषकात परतला होता.

११ ऑक्टोबर २०१६ चा दक्षिण कोरियाविरुद्धचा सामना वेगळ्याच कारणाने लक्षात राहिला. त्या दिवशी इराणमध्ये मोहर्रमची ९ तारीख, म्हणजे तासुआ होती. करबलाच्या शहीदांचा शोक पाळण्याच्या दिवशी हजारोंनी गोळा होऊन जल्लोष करायचा कसा, असा सवाल काही धर्मगुरूंनी केला. सामना मात्र पुढे ढकलला गेला नाही. प्रेक्षक काळे कपडे घालून आले, स्टेडियममध्ये काळे झेंडे लागले आणि नेहमीच्या घोषणांच्या जागी 'या हुसेन'चा गजर झाला. सरदार अझमूनच्या गोलवर इराणने सामना १-० असा जिंकला. लाखभर आवाजांचं मैदान इमामबाड्यासारखं झालेलं जगाने त्या दिवशी पाहिलं.

या मैदानाची एक काळी आठवणही आहे. २५ मार्च २००५ रोजी विश्वचषक पात्रता फेरीत इराणने जपानला २-१ असं हरवलं. सामना संपल्यावर बाहेर पडताना चेंगराचेंगरी झाली आणि किमान ५ जणांचा मृत्यू झाला. ज्यांची माणसं घरी परतलीच नाहीत, त्यांच्यासाठी त्या विजयाचा अर्थ काय उरला असेल?

महिलांसाठी दरवाजा बंद

क्रांतीआधी महिला या स्टेडियममध्ये सामने पाहत असत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुरुषांच्या फुटबॉल सामन्यांना त्यांना येऊ देणं बंद झालं. असा स्पष्ट लेखी कायदा नव्हता, पण गेटवर अडवलं जायचं. म्हणजे नाव आझादीचं आणि शहरातल्या निम्म्या लोकसंख्येला आत यायची मुभा नाही.

तरी महिलांनी आशा सोडली नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियावर बाजी मारून आलेल्या संघाचं स्वागत आझादीवर ठेवलं गेलं, तेव्हा महिलांनी घरी राहावं असं सांगण्यात आलं होतं. पण हजारो महिला गेटवर जमल्या आणि बंदी मोडून आत शिरल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये आयर्लंडविरुद्धच्या पात्रता सामन्यात पाहुण्या संघाच्या काही महिला समर्थकांना आत बसू दिलं गेलं. इराणी महिलांना मात्र मनाई होती. परदेशी बाईला चालतं आणि आपल्या लेकीला नाही, हा भेद अनेकींना टोचला.

२००६ मध्ये दिग्दर्शक जाफर पनाही यांचा 'ऑफसाइड' हा चित्रपट आला. मुलाचा वेश घेऊन सामना पाहायला गेलेल्या आणि पकडल्या गेलेल्या मुलींची ती कथा. बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं, इराणमध्ये मात्र त्यावर बंदी आली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद यांनी महिलांना वेगळ्या जागेत बसू देण्याचा आदेश काढला. वरिष्ठ धर्मगुरूंनी विरोध केला, सर्वोच्च नेते आयतुल्ला खामेनेई यांचंही मत विरोधात गेलं आणि आदेश मागे घेतला गेला.

पुढची हालचाल २०१८ ची. जून महिन्यात रशियातल्या विश्वचषकाचा इराण-स्पेन सामना आझादीवर मोठ्या पडद्यावर दाखवला गेला आणि कुटुंबांना, महिलांसकट, आत येऊ दिलं. ऑक्टोबरमध्ये बोलिव्हियाविरुद्धच्या सामन्याला निवडक शंभरएक महिला होत्या. नोव्हेंबरमध्ये पर्सेपोलिस आणि जपानच्या काशिमा यांच्यातल्या आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला काही शे महिला आल्या. त्या दिवशी फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो स्वतः हजर होते.

पण सर्वसामान्य महिलेसाठी तिकीट अजूनही नव्हतं. मार्च २०१९ मध्ये सहर खोदायारी ही इस्तेगलालची चाहती पुरुषाच्या वेशात आझादीत जाताना पकडली गेली. तिच्यावर खटला चालणार होता. सप्टेंबरमध्ये न्यायालयाबाहेर तिने स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला आणि आठवडाभरात तिचा मृत्यू झाला. तिच्या लाडक्या क्लबच्या रंगावरून लोक तिला 'दुख्तर-ए-आबी', म्हणजे निळी मुलगी, म्हणू लागले. इराणमध्ये आणि बाहेर हळहळ व्यक्त झाली. फिफाने इराणी फुटबॉल महासंघावर दबाव वाढवला.

१० ऑक्टोबर २०१९ रोजी इराण आणि कंबोडिया यांच्यातल्या पात्रता सामन्याला साडेतीन हजारांच्या आसपास महिला तिकीट काढून आल्या. त्यांच्यासाठी वेगळं प्रवेशद्वार, वेगळी गॅलरी आणि महिला पोलीस होत्या. इराणने १४-० असा विजय मिळवला, पण दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो होते ते गॅलरीतल्या महिलांचे. ऑगस्ट २०२२ मध्ये इस्तेगलालच्या लीग सामन्याला सुमारे ५०० महिला आल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुर्खाबीलाही महिलांना प्रवेश मिळाला.

तरीही हा रस्ता सरळ नाही. मार्च २०२२ मध्ये मशहद शहरात लेबनॉनविरुद्धच्या सामन्याचं तिकीट हातात असूनही महिलांना बाहेर अडवलं गेलं आणि त्यांच्यावर तिखटाचा फवारा मारला गेला. प्रत्येक वेळी किती महिलांना, कोणत्या सामन्याला, कोणत्या शहरात आत सोडायचं, हे अधिकारीच ठरवतात.

हा दीनचा प्रश्न आहे का?

अशा बातम्या आल्या की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. काही जण म्हणतात, 'बघा, इस्लाम असाच आहे.' आपल्यातले काही जण म्हणतात, 'तिथल्या उलेमांनी ठरवलंय तर योग्यच असेल.' दोन्ही बाजू घाई करतात.

विरोध करणाऱ्या धर्मगुरूंचे मुख्य आक्षेप होते ते स्टेडियममधल्या शिवीगाळीवर, गर्दीतल्या धक्काबुक्कीवर आणि स्त्री-पुरुषांच्या मिसळण्यावर. यातली शिवीगाळ आणि धक्काबुक्की पुरुषांनाही शोभणारी नाही. महिलांना बाहेर ठेवल्याने ती थांबत नाही. वेगळे दरवाजे आणि वेगळ्या जागा ठेवून सोय करता येते, हे २०१९ ला आझादीवरच दिसलं. खुद्द इराणमध्येही यावर एकमत नाही. राष्ट्राध्यक्षाचा आदेश आणि धर्मगुरूंचा नकार आमनेसामने आले, यातच ते दिसतं.

बाकी मुस्लिम देशांकडे पाहिलं तर इस्तंबूल, कैरो, जकार्ता, रबात किंवा दोहा इथे महिला सामने पाहतात. सौदी अरबनेही जानेवारी २०१८ मध्ये जेद्दाहच्या स्टेडियममध्ये महिलांना कुटुंबांच्या विभागात प्रवेश दिला. आणि दीनच्या हवाल्याचंच बोलायचं, तर बुखारी शरीफमधली हदीस अनेकांना माहीत असेल. मस्जिद-ए-नबवीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते आणि हजरत आयशा (रजि.) ते पाहत होत्या. रसूलुल्लाह (स.) यांनी आपल्या चादरीने त्यांना आडोसा दिला आणि त्यांचं मन भरेपर्यंत ते उभे राहिले. परदा आणि अदब जपूनही खेळ पाहण्याची सोय करून देता येते, हा अर्थ त्यातून अनेक उलेमा घेतात.

इराणच्या मुली नवी मुंबईत

इराणी महिला नुसत्या प्रेक्षक नाहीत, त्या खेळतातही. २०११ मध्ये हिजाबवरच्या फिफाच्या बंदीमुळे त्यांना जॉर्डनमध्ये ऑलिम्पिक पात्रतेचा सामना खेळू दिला गेला नव्हता. २०१४ मध्ये डोकं झाकून खेळायला अधिकृत परवानगी मिळाली. म्हणजे या मुलींची दोन्हीकडून अडवणूक झाली. घरी गॅलरीत बसायला मनाई आणि बाहेर हिजाब घालून खेळायला मनाई!

इराणचा महिला संघ आशिया चषकाच्या मुख्य स्पर्धेत पहिल्यांदा खेळला तो आपल्या महाराष्ट्रात. २० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणने यजमान भारताला ०-० असं रोखलं. हिजाब घालून खेळणाऱ्या त्या मुलींनी भारतीय आक्रमण नव्वद मिनिटं थोपवून धरलं.

रोनाल्डो आला, स्टेडियम रिकामं

जानेवारी २०१६ मध्ये सौदी अरब आणि इराणचे संबंध तुटले. त्यानंतर दोन्ही देशांच्या क्लबचे सामने तिसऱ्याच देशात होऊ लागले. मार्च २०२३ मध्ये समझोता झाला आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबरला क्रिस्तियानो रोनाल्डो अल नस्र संघासोबत आझादीवर उतरला. तेहरानमध्ये त्याच्या हॉटेलबाहेर चाहत्यांची झुंबड उडाली. सामन्याला मात्र गॅलरी ओस होती.

कारण शोधायला गोव्यात यावं लागतं. एप्रिल २०२१ मध्ये पर्सेपोलिस आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी मडगावला आला होता आणि एफसी गोवाविरुद्धचे दोन्ही सामने त्याने जिंकले. त्या वेळी क्लबने सोशल मीडियावर टाकलेल्या एका पोस्टवर आक्षेप घेतला गेला. आशियाई महासंघाने घरचा एक सामना प्रेक्षकांविना खेळण्याची शिक्षा दिली आणि ती नेमकी रोनाल्डोच्या सामन्याला लागू झाली. अल नस्रने तो २-० असा जिंकला. मोबाइलवरची एक पोस्ट हजारो चाहत्यांना केवढी महागात पडली!

आजचा वापर

फुटबॉलशिवाय हे स्टेडियम सरकारी आणि धार्मिक मेळाव्यांसाठीही वापरलं जातं. मे २०२२ मध्ये 'सलाम फरमांदे' या गीताच्या कार्यक्रमाला इथे प्रचंड गर्दी झाली होती आणि त्यात कुटुंबं, महिला आणि लहान मुलं होती. तेव्हा अनेकांनी विचारलं, मेळाव्याला महिला याच गॅलरीत बसू शकतात, तर सामन्याला का नाही?

पन्नाशी ओलांडलेल्या या वास्तूला दुरुस्तीची गरज होती. २०२४ मध्ये त्या कामासाठी सामने दुसरीकडे हलवावे लागले. २५ मार्च २०२५ रोजी याच आझादीवर उझबेकिस्तानशी २-२ अशी बरोबरी साधून इराणने २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट पक्कं केलं. दोन्ही गोल मेहदी तारेमीचे होते.

राजाने आपल्या किताबाचं नाव दिलं, क्रांतीने ते बदलून आझादी ठेवलं. नाव बदलायला एक हुकूम पुरला. त्या नावाला जागायला मात्र चाळीस वर्षं लागली आणि अजूनही काम अर्धवट आहे. आपल्या गावात, मोहल्ल्यात मैदान असतं, तेव्हा तिथे मुलीही खेळतात का, आईबहिणींना बसून सामना पाहायला जागा आहे का, शिवीगाळ करणाऱ्याला कोणी थांबवतं का, हे प्रश्न तेहरानइतकेच आपलेही आहेत. त्यांची उत्तरं मात्र आपण आपल्या मैदानावर आजही देऊ शकतो.